प्राकृतिक भूगोल घेतल्यावर नेमके काय शिकावे लागते? गणित लागते का?

गणित लागते, पण ते प्रामुख्याने उतार, प्रमाण आणि प्राथमिक संख्याशास्त्र इतकेच असते. खरा कस लागतो तो नकाशावाचनात आणि क्षेत्रभेटीत. पहिल्या वर्षी विदारण (खडक जागच्या जागी फुटणे वा कुजणे), झीज, वहन आणि संचयन या प्रक्रिया शिकवतात, तसेच अमेरिकन भूगोलतज्ज्ञ डेव्हिस यांचे क्षरणचक्रही (भूरूपे झिजत युवा, प्रौढ व वृद्ध अवस्थांतून जातात, हा सिद्धांत) शिकवले जाते, मात्र आज ते अंतिम सत्य म्हणून नव्हे, तर विषयाच्या इतिहासाचा भाग म्हणून वाचावे, असे माझे मत आहे.

प्रात्यक्षिकात १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावरून समोच्च रेषांच्या (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांच्या) आधारे छेद, म्हणजे जमिनीच्या चढउताराची बाजूने दिसणारी आकृती, काढणे आणि स्ट्राहलर पद्धतीने ओढ्यांची श्रेणी ठरवणे (पहिल्या श्रेणीचे दोन प्रवाह मिळाले की दुसरी श्रेणी) ही कामे असतात. ती कंटाळवाणी वाटतात, परंतु त्यांतूनच प्रश्न सुचतात. उदाहरणार्थ, महाबळेश्वरजवळ उगम पावणारी कृष्णा अरबी समुद्र जवळ असूनही पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला का मिळते, आणि पश्चिमेकडील तीव्र उताराचे ओढे सह्याद्रीचा कडा मागे कसा सरकवतात, हे नकाशा समोर असल्याशिवाय नीट उमगत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोजला कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे पाहिल्यास, भोवऱ्यात फिरणारे दगडगोटे कठीण बेसाल्टही कसा कोरतात, हे स्पष्ट होते.

प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात क्षेत्रभेटी प्रत्यक्षात होतात का आणि क्यूजीआयएससारखी नकाशे व भौगोलिक माहिती हाताळणारी संगणक प्रणाली शिकवतात का, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना अवश्य विचारावे.