आठवीच्या मुलांना बल आणि गती शिकवायची सुरुवात कशी करावी?

व्याख्या नंतर, आधी वर्गात कॅरम मांडा. पावडर न टाकता स्ट्रायकर मारायला सांगा, मग पावडर भुरभुरवून साधारण तेवढ्याच जोराने. दुसऱ्यांदा तो लांब का गेला, यावर पोरं आपापसातच भांडतात. ‘जोर संपला म्हणून थांबला’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. तिथेच पकडा! जोर संपत नाही, घर्षण थांबवतं. घर्षण नसतं, तर काठावर आदळेपर्यंत स्ट्रायकर त्याच वेगाने सरळ गेला असता. न्यूटनने १६८७ साली मांडलेला पहिला नियम तो हाच.

जडत्वासाठी, म्हणजे वस्तू आहे त्याच स्थितीत (स्थिर किंवा गतीत) राहू पाहते हे दाखवायला, लोकल आहेच. दादरला गाडी ब्रेक मारते तेव्हा उभे असलेले सगळे पुढे झुकतात, मागून कुणी ढकललेलं नसतानाही (बरं, दादरला ढकललेलंही असतं).

सूत्राची घाई मात्र नको.