अंधारात सांगितलेले निष्कर्ष

प्रश्न : माझे सासरे ७७ वर्षांचे आहेत. १९८२च्या संपापर्यंत ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात होते. त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. दोन वर्षांपूर्वी एका रुग्णालयातील श्रवणदोषाच्या संशोधनात त्यांनी भाग घेतला आणि त्यासाठी तीन वेळा लोकलने जाऊन तपासण्या करून घेतल्या. गेल्या महिन्यात निष्कर्ष सांगण्यासाठी सभा झाली. दिवे मालवून पडद्यावर इंग्रजी आलेख दाखवले गेले आणि डॉक्टर अंधारात उभ्या राहून बोलत होत्या. काय सांगितले, असे घरी आल्यावर विचारले, तेव्हा ‘पंखे ऐकू येत होते,’ एवढेच सासरे म्हणाले. निष्कर्ष समजतील अशा रीतीने पुन्हा सांगा, अशी मागणी करणे योग्य ठरेल का? शिवाय श्रवणयंत्रामुळे स्मृतिभ्रंश टळतो, अशी बातमी मोबाइलवर फिरते आहे, ती खरी मानावी का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : मागणी अवश्य करा. माणसांवरील वैद्यकीय संशोधनासाठी जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३च्या आवृत्तीत, सहभागी व्यक्तींना संशोधनाचे एकूण निष्कर्ष जाणून घेण्याची संधी मिळाली पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. केवळ सभा घेतल्याने ही जबाबदारी पुरी होते, असे मला वाटत नाही. ज्यांना कमी ऐकू येते म्हणूनच बोलावले, त्यांना ऐकू येण्याची सोय न करता घेतलेली सभा त्यांच्यापुरती झालेलीच नसते.

सासऱ्यांचे ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण त्यांचे सगळे दुखणे त्यात आले आहे. साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम केले की आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या केशपेशी मरतात, माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि सहसा पहिला फटका बसतो तो ४००० हर्ट्‌झच्या आसपासच्या वरच्या पट्टीतील आवाजांना. पंख्याची घरघर खालच्या पट्टीतली असल्याने ती ऐकू येत राहते; ‘स’, ‘श’ ही व्यंजने वरच्या पट्टीतली असल्याने ती गळतात आणि ‘साठ’चे ‘आठ’ होते. आकडे तोंडी सांगणाऱ्या संशोधकाने एवढे तरी ध्यानात घ्यायला हवे. असा माणूस गळलेली अक्षरे समोरच्याच्या ओठांवरून भरून काढतो आणि दिवे मालवले की तोही आधार जातो.

संमतीपत्राची प्रत घरात असेल, तर तिच्यावर मुख्य संशोधकांचा आणि नैतिकता समितीचा संपर्क असतो. दोघांनाही सासऱ्यांच्या सहीने पत्र लिहा. निष्कर्ष मराठीत, मोठ्या टाइपात, दोन पानांत मागा, आणि जे शोधायचे होते पण सापडले नाही, तेही त्यात लिहा असे सांगा. पुन्हा सभा ठरल्यास दिवे चालू असावेत, पंखे शक्य तेवढे मंद असावेत, बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात असावा आणि बोललेले शब्द पडद्यावर मराठीत उमटावेत. त्या दोन पानांचा मसुदा आधी दोन-तीन सहभागींनाच वाचायला द्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण कुठे अडखळायला होते हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही.

मोबाइलवरील बातमीचे मूळ बहुधा अमेरिकेतील ‘अचीव्ह’ या चाचणीत असावे. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रे आणि समुपदेशन, तर उरलेल्यांना आरोग्यविषयक मार्गदर्शन देऊन त्यांची स्मरणशक्ती व विचारशक्ती तीन वर्षे तपासली गेली. सर्वांचा एकत्र विचार करता दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ज्यांना मुळात धोका अधिक होता, अशा वयाने मोठ्या सहभागींच्या एका गटात बौद्धिक क्षमतेची घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. ही मोलाची आशा आहे, पण ‘स्मृतिभ्रंश टळतो’ असे या चाचणीने सिद्ध केलेले नाही. बातमीत ४८ हा आकडा राहतो आणि आधीचे वाक्य गळते; ते ज्यांना ऐकायचा त्रास आहे त्यांच्यापर्यंत पोहोचवणे संशोधकांचेच काम आहे. सासऱ्यांनी श्रवणयंत्र वापरावे ते घरातले बोलणे कळावे म्हणून. त्यासाठी आणखी कोणत्या चाचणीची वाट पाहण्याचे कारण नाही.

संशोधनाच्या वेळी काढलेल्या त्यांच्या स्वतःच्या ऑडिओग्रामची, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखाची प्रत पत्रातच मागून घ्या. दोन वर्षे उलटल्यामुळे नवी तपासणी करावी. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तशी सोय आहे. जाताना जुना आलेख सोबत न्या, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून ऐकणे किती बदलले ते पाहता येईल. आणि ते समजावून सांगताना ऑडिओलॉजिस्टनी तुमच्याकडे नव्हे, सासऱ्यांकडे तोंड करून बोलावे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.