मेड्युलरी थायरॉइड कॅन्सरनंतर किती वर्षं, हे कशावरून ठरवतात?

बडोद्यात मामांचं ऑपरेशन झालं, आता किती वर्षं, असं तुम्ही विचारलंय. एका माणसासाठी आकडा छातीठोकपणे कुणी सांगितला तर कानाडोळा करा.

वय आणि आजार मानेबाहेर पसरलाय का, हे डॉक्टर बघतातच. पण खरी चाल कळते ती रक्तातल्या कॅल्सिटोनिनवरून, म्हणजे या कॅन्सरच्या पेशी बनवतात त्या संप्रेरकावरून. ते 6 महिन्यांच्या आत दुप्पट झालं तर आजार आक्रमक. 2 वर्षांहून जास्त लागली तर बहुधा संथ. सीईए, म्हणजे रक्तात मोजतात ती या कॅन्सरची दुसरी खूण, तिचंही साधारण तसंच. दोन रिपोर्टांवर हिशेब मांडू नका, चार तरी हवेत, आणि तेही एकाच लॅबचे. एकदा रावपुऱ्यात, एकदा अलकापुरीत केलं की पद्धत बदलते, आकडे जुळत नाहीत आणि घरभर उगाच घबराट.



आरईटी जनुकाची तपासणी मात्र कराच. सुमारे पाव रुग्णांत आजार आनुवंशिक असतो, म्हणजे मामेभावंडांचाही प्रश्न आला. आजार पसरलेला असेल आणि आरईटीत बिघाड सापडला, तर सेल्परकॅटिनिबसारखी औषधं 2020 पासून आहेत. नेटवरची टक्केवारी बरीचशी त्याआधीच्या रुग्णांची आहे.