जगातला पहिला आणि दुसरा एकाच संघात, तरी हरले कसे?

तुमचा प्रश्न असा आहे: 2025 च्या डार्ट्स वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडकडून ल्यूक हम्फ्रीज आणि ल्यूक लिटलर, म्हणजे क्रमवारीतला पहिला आणि दुसरा, एकत्र उतरले होते. तरी जर्मनीने त्यांना 8-4 असं घरी पाठवलं, ते कसं? मुळात एकट्याने खेळायचा खेळ, मग दोघांचा संघ म्हणजे दोघांची बेरीजच ना? शिवाय भारत यात असतो का आणि घरी बोर्ड लावायचा तर काय बघावं, हेही विचारलंय.

बेरीज असती तर मी आणि माझे साडू गेली तीन वर्षं जवळपास दर रविवारी मिसळीचे पैसे भरत बसलो नसतो.

आम्ही नाशिकला सिडकोत, साडूंच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खेळतो. समोर दुसऱ्या मजल्यावरचे दोघे सख्खे भाऊ असतात, थोरला इंजिनिअरिंगला, धाकटा बारावीला. एकेकटे खेळलो तर साडू आम्हा सगळ्यांना हरवतात आणि माझा दुसरा नंबर. जोडीने खेळलो की पोरं जिंकतात. त्यामुळे तुमच्या प्रश्नाने मला फार आधीपासून पछाडलेलं आहे, इंग्लंड हरायच्याही आधीपासून.

स्पर्धेची रचना आधी उरकतो. पीडीसी या व्यावसायिक डार्ट्स संघटनेचा हा वर्ल्ड कप 2010 मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला. 2022 पर्यंत त्यात एकेरी आणि दुहेरी अशी मिसळण होती, त्यामुळे एक तगडा खेळाडू कच्च्या जोडीदारालाही बराच पुढे ओढून न्यायचा. 2023 पासून सगळे सामने दुहेरीचे. 40 देश, त्यातले चार मानांकित थेट शेवटच्या सोळांत. बाकीचे 36 तीन-तीनच्या 12 गटांत, आणि गटात पहिला येईल तो पुढे. लेग म्हणजे 501 वरून वजा करत शून्यावर येण्याचा एक डाव. गटातला सामना चार लेग जिंकल्या की संपतो, पुढे आठ लेग, फायनलला दहा. आता बघा, इंग्लंड थेट सोळांत होतं, म्हणजे जर्मनीविरुद्धचा सामना हा त्यांचा स्पर्धेतला पहिलाच. जर्मनीचे मार्टिन शिंडलर आणि रिकार्डो पीट्रेचको गटातले सामने खेळून, हात मोकळे करून आलेले. स्टेज फ्रँकफर्टचं, प्रेक्षक घरचे. एवढ्यानेच अर्धं उत्तर झालं म्हणा ना.

उरलेलं अर्धं मला जास्त रंजक वाटतं.

दुहेरीत 501 हा आकडा दोघांचा मिळून एकच. मी तीन डार्ट मारायचे, मग समोरच्या एकाने, मग माझ्या जोडीदाराने, मग समोरच्या दुसऱ्याने, मग परत मी. समजा एखाद्या जोडीने 15 डार्टमध्ये लेग संपवली, तर एकाच्या वाट्याला तीन पाळ्या येतात आणि दुसऱ्याच्या दोन. एकेरीत तीच लेग असती तर एकट्याला पाच मिळाल्या असत्या. लिटलरसारखा पोरगा लय लागली की सुटतोच. इथे लय लागायच्या आत त्याला बाजूला होऊन तिघांची फेक बघत उभं राहावं लागतं.

पण खरी गोम शेवटच्या शंभरात आहे. लेग संपवायची तर शेवटचा डार्ट डबलमध्येच, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या बारीक पट्टीत, जिथे आकडा दुप्पट मोजतात, लागावा लागतो, आणि डबलला कोण उभा राहणार हे बहुतेक वेळा तुमच्या हातात नसतं. तुमच्या हातात असतं ते मागे काय उरवायचं, एवढंच.

मागच्या श्रावणातला एक रविवार सांगतो. एक-एक लेग झालेली, तिसरी निकाली. आमचे 92 उरलेले, पोरांचे 176. मी ट्रिपल 20 ला, म्हणजे 20 तिप्पट मोजणाऱ्या आतल्या पट्टीला, मारला. लागला असता तर 32 उरून डबल 16 ला दोन डार्ट मिळाले असते. लागला साधा 20. दुसरा डार्टही, धोका नको म्हणून, साधा 20. उरले 52 आणि हातात एक डार्ट. आता इथून दोन वाटा: 12 मारला तर 40 उरतात, म्हणजे डबल 20. 20 मारला तर 32, म्हणजे डबल 16. मला डबल 20 आवडतो. बोर्डाच्या डोक्यावर असतो, नाकासमोर दिसतो. हात आपसूक 12 कडे गेला आणि डार्ट बसलाही. मी खुशीत वळलो.

साडूंचा चेहरा उतरलेला. पुढची पाळी त्यांची होती, आणि त्यांचा डार्ट नेहमी खाली डाव्या अंगाला बसतो. 16 चं घर नेमकं तिथे. वर मारायचं म्हटलं की त्यांचा खांदा अडतो, हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे. थोरल्याने मधे 100 मारून 76 ठेवले. साडू उभे राहिले. पहिला डार्ट साध्या 20 मध्ये, उरले 20. दुसरा डबल 10 ला, लागला साधा 10, उरले 10. तिसरा डबल 5 ला, लागला साधा 5. उरले 5. विषम आकडा, डबलच नाही. मग धाकट्याने 20, 16 आणि डबल 20 असे तीन डार्ट ठोकून 76 काढले. हो, डबल 20. माझा आवडता.

मिसळ खाताना साडू एवढंच म्हणाले, "तुम्ही तुमच्यासाठी ठेवलंत."

32 का बरा, तेही बघून घ्या. डबल 16 ला मारताना डार्ट आत घसरून साधा 16 लागला तर 16 उरतात, डबल 8. तिथेही घसरला तर डबल 4, मग डबल 2, मग डबल 1. चार वेळा घसरायची मुभा, मधे आकडा जुळवत बसायला नको. 40 वरून 20, 10 आणि मग 5, म्हणजे तिसऱ्यांदा घसरलात की अडकलात. हे गणित मला तोंडपाठ होतं. तरी हात स्वतःच्या सवयीनेच गेला.

कॅरममध्ये आपल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. सोंगटी जात नसेल तर निदान समोरच्या भिडूला सोपी पडेल अशी आणून ठेवायची, हे पोरवयातच अंगात मुरतं. डार्ट्समध्ये मुरत नाही, कारण 90 टक्के सराव माणूस एकट्याने करतो. भिंत, बोर्ड आणि आपण.

हम्फ्रीज आणि लिटलरला हे कळत नाही असं माझं अजिबात म्हणणं नाही. ते कुठलाही डबल झोपेत मारतील. पण वरच्या पातळीवर फरक मिलिमीटरचा असतो, आणि भिडूने ठेवलेला आकडा आपल्या सवयीचा नसेल तर तो मिलिमीटर तिथेच जातो. शिवाय देशाची जोडी ठरते कशी, तर क्रमवारीतले वरचे दोघे उचलायचे. दोघांचं जमतं का हे कुणी बघत नाही. इंग्लंडकडे इतके चांगले खेळाडू आहेत की वरचे दोन सारखे बदलतात. 2022 ला मायकेल स्मिथ जेम्स वेडबरोबर, 2023 ला रॉब क्रॉसबरोबर, 2024 ला हम्फ्रीजबरोबर. 2025 ला स्मिथच नाही, लिटलर आला, आणि त्याचा हा पहिलाच वर्ल्ड कप. आता वेल्स बघा. त्यांच्याकडे गर्विन प्राइस आणि जॉनी क्लेटन, बहुतेक वर्षं तेच दोघे. 2020 ते 2025 या सहा वर्षांत ते चार फायनल खेळले, 2020 आणि 2023 जिंकले. 2025 ची फायनलही त्यांनी उत्तर आयर्लंडच्या जॉश रॉक आणि डॅरिल गर्नीकडून 10-9 अशी, म्हणजे शेवटच्या लेगला घालवली. माझ्या मते इंग्लंडला त्यांची श्रीमंतीच नडते.

साडू मात्र हे मान्य करत नाहीत. त्यांचा मुद्दाही बिनतोड आहे: 2024 ला हम्फ्रीज आणि स्मिथ ही जोडीही नवी कोरी होती, आणि त्यांनी ऑस्ट्रियाला 10-6 ने हरवून कप नेला. 2021 ला स्कॉटलंडकडून गॅरी अँडरसन नव्हता, त्याच्या जागी जॉन हेंडरसन पीटर राइटबरोबर उभा राहिला आणि तेही जिंकले. तेव्हा माझा सिद्धांत सिमेंटचा नाही, मातीचा आहे. छोट्या सामन्यात दोन वाईट पाळ्या आल्या की जगातला पहिलाही घरी जातो, हे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

भारत असतो. नितिन कुमार भारताकडून या वर्ल्ड कपमध्ये खेळलाय. 2018 च्या डिसेंबरात तो लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसला जागतिक अजिंक्यपदही खेळला. आपण गटात अडकतो, पण आशियातल्यांनी मोठ्यांना धक्के दिलेत. 2017 ला पॉल लिम आणि हॅरिथ लिम या सिंगापूरच्या जोडीने अव्वल मानांकित स्कॉटलंडला, म्हणजे अँडरसन आणि राइटला, पहिल्याच फेरीत बाहेर काढलं होतं. पॉल लिम तेव्हा 63 वर्षांचा. हाच तो माणूस, ज्याने 1990 मध्ये जागतिक अजिंक्यपदात पहिल्यांदा नऊ डार्टमध्ये लेग संपवली. साडूंचा जीव की प्राण. ते 54 चे आहेत, म्हणतात अजून नऊ वर्षं आहेत.

आता बोर्ड. गुंडाळलेल्या कागदाचा स्वस्त बोर्ड घेऊ नका, आमचा पहिला तोच होता आणि दिवाळीपर्यंत त्याची चाळण झाली. सिसलचा घ्या. सिसल म्हणजे घायपाताच्या जातीचा वाख, आपल्याकडे शेताच्या बांधावर घायपात असतो ना, तसाच. तंतू दाबून उभे बसवलेले असतात, डार्ट काढला की भोक मिटतं. पाणी शिंपडायचं नाही, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर तर नकोच. बुलचा, म्हणजे बोर्डाच्या केंद्राचा, मधला बिंदू जमिनीपासून 173 सेंटिमीटर, फेकायची रेषा बोर्डाच्या तोंडापासून 237. भिंतीपासून मोजाल तर बोर्डाच्या जाडीने चुकाल, म्हणून बोर्डाच्या तोंडावरून ओळंबा सोडा आणि तिथून टेप लावा.

आणि जमीन समतल आहे का ते बघा. मी अंबडला टूलरूममध्ये आहे, दिवसभर मायक्रॉनमध्ये बोलतो, आणि पार्किंगला पाणी वाहून जायला उतार असतो हे विसरलो. 173 भिंतीच्या पायथ्याशी मोजले, रेषा उताराच्या खालच्या बाजूला. सहा महिन्यांनी गवंड्याचा लेव्हल पाईप आणून बघितलं तर आम्ही उभे राहायचो तिथून बुल पूर्ण दोन सेंटिमीटर वर होता. मी आनंदाने साडूंना हाक मारली की आपण का हरतो ते सापडलं. त्यांनी पाईपकडे बघितलं आणि म्हणाले, पोरं काय गच्चीवरून मारत होती का?