चाकणची नोकरी आणि ‘पूर्णवेळ सेवा’

“ताई, माझ्या नोकरीचा देवाला काय उपयोग?” पुण्यातल्या ख्रिस्ती तरुणांकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. कुणी हिंजवडीत कोड लिहितं, कुणी कॅम्पातल्या दुकानात हिशेब ठेवतं, कुणी रुग्णालयात रात्रपाळी करतं. रविवारी उपासनेत मन भरून येतं आणि सोमवारी कामावर निघताना वाटतं, आता आठवडाभर देवाशी आपला संबंध संपला. अशाच एका तरुणाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

तो पिंपरीत राहतो, वय तिशीच्या आसपास. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात. बायको, लहान मुलगी, घराचा हप्ता. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, तरुण संघाचं काम मनापासून करणारा. एका शिबिरात ‘प्रभूसाठी सगळं सोडायला कोण तयार आहे?’ असं, म्हणजे नोकरी सोडून ‘पूर्णवेळ सेवेत’ येण्याचं, आवाहन झालं, तेव्हा तो उठून पुढे गेला. घरी येऊन त्याने राजीनामा लिहून ठेवला आणि बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे धर्मसेवेचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत, प्रवेशाची चौकशीही केली. बायकोने विचारलं, “हप्ता कोण भरणार?” तो म्हणाला, “आकाशातल्या पाखरांना कोण खायला घालतो?” ती रडत माझ्याकडे आली. पुढच्या वेळी दोघंही आले.

देवाचं हे पाचारण (बोलावणं) खरं की खोटं, या वादात मी शिरले नाही. त्याला म्हटलं, “तुझी कालची शिफ्ट सांग. बसमधून उतरल्यापासून.”

तो सांगत गेला. दर तासाला लाइनवरून पाच पीस उचलायचे, गेज लावून आतला व्यास मोजायचा, आकडे रिपोर्टात भरायचे. इथे तो अडखळला. डिस्पॅचची घाई असली की मोजायला वेळच मिळत नाही, मग मागच्या पानावरचे आकडे थोडे इकडेतिकडे करून भरायचे आणि सही ठोकायची. “सगळेच करतात, ताई.”

“हा पार्ट बसतो कुठे?”

“दुचाकीच्या ब्रेकमध्ये.”

बायको त्याच्याकडे वळली. “म्हणजे मी पिल्लूला शाळेत सोडते त्या गाडीतसुद्धा?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला की शिफ्ट संपली की अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं. आजवर त्याची समजूत होती की कारखाना ‘जगिक’ आहे म्हणून तसं होतं.

मला त्याच्या बोलण्यात विवेकाची टोचणी ऐकू आली, आणि ती देवाकडूनच असते असं मी मानते. पण तिचा पत्ता त्याने चुकीचा लावला होता. त्याच्या सहीतलं खोटं त्याला बोचत होतं आणि तो नोकरीच टाकायला निघाला होता. असं ओझं घेऊन सेमिनरीत गेलेला माणूस उद्या मंडळीच्या हिशेबाच्या वहीतही मागच्या पानावरचे आकडे भरू शकतो.

“पण ताई, येशूच्या मागे जाताना पेत्राने मासेमारीची जाळी सोडलीच ना?” त्याने विचारलं. सोडली. काहींना प्रभू खरंच तसं बोलावतो, आणि ते नाकारायचा मला अधिकार नाही. मी त्याला लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायाकडे नेलं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? जकातनाका सोडा, असं तो म्हणत नाही. ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका, म्हणतो. शिपायांना सांगतो, जुलमाने पैसे उकळू नका, आपल्या पगारात समाधानी राहा. पश्चात्तापाची पहिली फळं त्याच नाक्यावर, त्याच वर्दीत मागितली आहेत. आणि खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाचं पहिलंच वचन आहे. हातात गेज असलेल्या माणसाला याहून थेट वचन मी कुठून आणू?

श्रम म्हणजे आदामाला झालेली शिक्षा, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. शिक्षेची, घामाची, काट्याकुसळांची गोष्ट उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात येते. बागेची मशागत आणि राखण करण्याचं काम देवाने दुसऱ्याच अध्यायात दिलेलं आहे, पाप यायच्या आधी. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देव ज्या बसालेलाला आपल्या आत्म्याने भरतो, तो सोनं, चांदी, पितळ आणि लाकूड घडवणारा कारागीर आहे. करिंथात पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून राहुट्या बनवत होता. आणि आपला प्रभू नासरेथात सुतार म्हणून ओळखला जात होता.

पुणेकर ख्रिस्ती माणसाला तर फार लांब जायलाही नको. सोलापूरच्या रेल्वेमार्गावर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या मुलींना तिथल्या मुक्ती मिशनमध्ये आणलं, तेव्हा प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम आणि छपाईही शिकवली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबलचं भाषांतर 1922 साली मृत्यूपूर्वी त्यांनी पुरं केलं आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. छपाईचे खिळे (अक्षरांचे टाइप) जुळवणाऱ्या त्या मुलींची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी कंटाळून एखादी ओळ गाळली असती, तर वाचणाऱ्याला देवाचं वचन अपुरं मिळालं असतं.

निघताना त्याच्या बायकोने विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. “मग काम म्हणजे देवाची सेवा म्हणून कंपनी म्हणेल तेवढा ओव्हरटाइम करायचा का?” जिवेभावे काम करा, जणू प्रभूसाठी, हे कलस्सैकरांच्या पत्रातलं वचन मालक मंडळींना फार आवडतं. ते मुळात दासांना लिहिलं होतं, आणि लगेच पुढे, चौथ्या अध्यायाच्या आरंभी, धन्यांना बजावलंय की दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. पेंढा न देता तितक्याच विटा मागणारा फारो इस्राएलांना आळशी म्हणाला होता. कुणी आळशी म्हटलं की निमूट मान खाली घालायची, असं बायबल शिकवत नाही. सहा दिवस काम कर म्हणणारी आज्ञाच सातव्या दिवशी थांबायला सांगते, आणि ती थांबवणूक दास, दासी आणि गुरांनाही लागू आहे.

त्याने न मोजलेले आकडे भरणं बंद केलं. मोजायला वेळ मिळाला नाही तर रकाना कोरा ठेवून कारण लिहू लागला. सुपरवायझर भडकला, काही सहकारी बोलेनासे झाले, आणि थोड्या दिवसांनी त्याला जास्त कामाच्या लाइनवर टाकलं. तिथे तो थकतो, चिडतोही. पण शिफ्टनंतरचं ते चिकटलेपण गेलं, असं तो सांगतो. रविवारच्या ओव्हरटाइमला त्याने नकार दिला आहे आणि त्यामुळे घरखर्च आवळावा लागतो. त्याची बायको आता घरी शिकवण्या घेते.

राजीनामा त्याने फाडला. सेमिनरीचा विचार सोडलेला नाही. मुलीची शाळा आणि घराचा हप्ता समोर ठेवून पाळकसाहेबांशी बोलायचं, असं दोघांनी मिळून ठरवलंय.