मुलीच्या जुन्या शाळेत पीबीआयएस छान चालायचं, नव्या शाळेत नुसतं पोस्टर आहे. एकाच काउंटीत असं का?

पीबीआयएस म्हणजे पॉझिटिव्ह बिहेविअरल इंटरव्हेन्शन्स अँड सपोर्ट्स, शिक्षेपेक्षा चांगलं वागणं शिकवण्यावर भर देणारी अख्ख्या शाळेची पद्धत. तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत मेरीलँडमधल्या एकाच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) घर बदललं आणि मुलीची शाळा बदलली. जुन्या शाळेत तिला ‘सेफ, रिस्पेक्टफुल, रिस्पॉन्सिबल’ हे शाळेचे नियम तोंडपाठ होते, चांगलं वागल्याची तिकिटं मिळायची, भांडण झालं तर कोणीतरी बसून बोलायचं. नव्या शाळेत पोस्टर तेच, पण मुलं मात्र ऑफिसबाहेरच्या बाकावर. मग हा फरक कुठून आला, आणि असं काही सगळ्या शाळांत पसरवून टिकवतात तरी कसं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी इथे आधी स्पेशल एज्युकेशनची शिक्षिका होते, आता काही शाळांमध्ये कोच म्हणून, म्हणजे तिथल्या टीमला ही पद्धत राबवायला मदत करायला जाते. माझं सरळ मत सांगते. पोस्टर एकदा छापलं की झालं. बाकीचं सगळं दर महिन्याला करावं लागतं आणि त्यासाठी कुणाचा तरी पगारी वेळ लागतो. पसरवण्याची आणि टिकवण्याची सगळी मारामारी त्या वेळेसाठी असते.

थोडी पार्श्वभूमी. १९९७ मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाच्या अमेरिकेतल्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली आणि मुलाचं वागणं शिकण्याच्या आड येत असेल तर सकारात्मक उपायांचा विचार करा, असं त्यात आलं. पाठोपाठ केंद्रीय शिक्षण खात्याच्या पैशातून पीबीआयएससाठी एक राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. ओरेगन विद्यापीठातले जॉर्ज सुगाई आणि रॉब हॉर्नर ही त्यातली मोठी नावं. मांडणी सार्वजनिक आरोग्यातून उचललेली आहे: पहिला थर सगळ्या मुलांसाठी, तो पुरत नाही अशा साधारण १०-१५ टक्के मुलांसाठी दुसरा, आणि अगदी थोड्यांसाठी प्रत्येकाचा वेगळा आखलेला तिसरा. आज अमेरिकेत २५,००० हून जास्त शाळा यात मोजल्या जातात. त्या आकड्यात तुमच्या दोन्ही शाळा बसतात, हीच खरी अडचण आहे.

आता महिन्याला करायचं म्हणजे काय ते सांगते, कारण पालकांना हा भाग दिसतच नाही. शाळा सुटल्यावर टीम बसते: प्रिन्सिपल किंवा असिस्टंट प्रिन्सिपल, दोन-तीन वर्गशिक्षक, काउन्सेलर, आणि शहाणी शाळा असेल तर कॅफेटेरियातलं कोणीतरी. समोर ऑफिस रेफरलचे, म्हणजे वागण्यावरून मुलाला ऑफिसला पाठवल्याच्या नोंदींचे आलेख असतात. दिवसाला सरासरी किती, काय झालं, कुठे, किती वाजता, कोण. एका शाळेत दुपारी बाराच्या सुमाराची एक दांडी उंच यायची. जागा कॅफेटेरिया, मुलं तिसरी-चौथीची, प्रकार ढकलाढकली. पहिली सूचना ठरलेलीच, ‘त्यांची रिसेस (खेळायची सुट्टी) बंद करा.’ लंचला देखरेख करणाऱ्या बाई म्हणाल्या, अहो, दोन वर्ग एकाच वेळी दुधाच्या कूलरपाशी येतात आणि जेवणाचा नंबर टाकायच्या कीपॅडजवळ रांग तुंबते. मग एका वर्गाची वेळ थोडी मागे सरकवली, जमिनीवर पट्टी चिकटवली, आणि मुलांना तिथे नेऊन रांग कशी लावायची ते करून दाखवलं, त्यांच्याकडून करून घेतलं. पुढच्या महिन्यात आलेखातली ती दांडी खाली आली. शिक्षा कुणाला झाली नाही, आणि खरं सांगायचं तर तिकिटांचाही त्यात फारसा संबंध नव्हता.

तिकिटांवरून आपले मराठी पालक मला हमखास विचारतात, ‘ही लाचच झाली की!’ नुसती तिकिटं वाटली तर हो, तसंच होतं. मूळ पद्धतीत मात्र आधी वागणं शिकवायचं असतं, अगदी गणितासारखं, आणि मुलाने ते केलं की नेमकं काय चांगलं केलं ते सांगायचं असतं. तिकीट त्या वाक्याची आठवण म्हणून. घाईच्या शाळेत वाक्य गळून पडतं आणि तिकीट उरतं.

पसरवण्याच्या बाबतीत मेरीलँडचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. इथे २४ शालेय व्यवस्था आहेत, २३ काउंट्या आणि बाल्टिमोर शहर. १९९९ पासून राज्याचं शिक्षण खातं, शेपर्ड प्रॅट ही आरोग्यसंस्था आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी मिळून हे काम उभं केलं. एकट्यादुकट्या उत्साही शिक्षकाला बोलवायचं नाही, शाळेची अख्खी टीम उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणाला यायची. शाळेमागे कोच आणि काउंटीत त्या कोचना सांभाळणारा माणूस, अशी साखळी होती. संशोधक कॅथरीन ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी इथल्याच ३७ प्राथमिक शाळांवर, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून, अभ्यास केला. हे प्रशिक्षण मिळालेल्या शाळांत सस्पेन्शन (काही दिवस शाळेत येऊ न देणं) आणि ऑफिस रेफरल कमी झाले. पण हा निष्कर्ष ज्यांनी ते मनापासून राबवलं त्या शाळांचा आहे, पोस्टर लावलेल्यांचा नाही.

बिघडतं कुठे? सुरू करण्याआधी किमान ८० टक्के कर्मचाऱ्यांची संमती घ्या, असा जुना दंडक आहे. वरून ‘पुढच्या वर्षी सगळ्या शाळा’ असा हुकूम निघाला की ही पायरी पहिली कापली जाते. ऑगस्टमध्ये एक दिवसाचं प्रशिक्षण, सप्टेंबरमध्ये पोस्टर, नोव्हेंबरमध्ये विसर. माझं ऐकाल तर शाळांची संख्या वाढवण्याआधी कोचची संख्या वाढवावी. एका कोचच्या गळ्यात वीस शाळा मारल्या की तो फक्त ईमेल पाठवतो.

दुसरं, प्रिन्सिपल बदलतो. नवा माणूस आपलं वेगळं काहीतरी घेऊन येतो, जुन्या टीममधले दोघे बदली मागतात आणि संपलं. ज्या काउंट्यांत हे टिकलंय तिथे नव्या प्रिन्सिपलच्या मुलाखतीतच याबद्दल प्रश्न विचारतात आणि शाळेच्या वार्षिक सुधारणा आराखड्यात ते लिहिलेलं असतं. ओरेगन विद्यापीठातले संशोधक केंट मॅकिंटॉश वर्षानुवर्षं या टिकण्याचाच अभ्यास करतायत. टीमने स्वतःची आकडेवारी नियमित वापरणं आणि काउंटीचं पाठबळ असणं, या दोन गोष्टी त्यांच्या कामात पुन्हापुन्हा पुढे येतात. मला प्रत्यक्षात तेच दिसतं. महिन्याची बैठक ‘या वेळी पालकांच्या कॉन्फरन्स आहेत, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत दोनदा पुढे गेली की मी त्या शाळेची काळजी करायला लागते.

तिसरं पैसा. २०१४ पासून केंद्राची स्कूल क्लायमेट ट्रान्सफॉर्मेशन ग्रँट मिळू लागली, मुदत पाच वर्षांपर्यंतची. ग्रँट संपली की कोच परत वर्गावर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच कोचचा थोडा थोडा पगार काउंटीच्या स्वतःच्या बजेटमध्ये सरकवला पाहिजे. पण ग्रँट चालू असताना त्याची घाई कुणालाच नसते.

सक्तीने काम होतं का? मेरीलँडच्या कायद्यानुसार सस्पेन्शनचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेल्या प्राथमिक शाळांना पीबीआयएस किंवा वागणं सुधारण्याचा दुसरा एखादा कार्यक्रम राबवणं बंधनकारक आहे. सक्तीने दार उघडतं, पण फॉर्म भरण्यापलीकडे जायला लोक लागतात. मोजमापासाठी ४५ मुद्द्यांची एक सूची आहे, पहिल्या थरात ७० टक्के आले की नीट राबवताय असं मानतात. टीम स्वतःच गुण देते तेव्हा हात जरा सैल असतो. बाहेरचा माणूस येऊन कॉरिडॉरमधल्या कुठल्याही मुलाला ‘इथले नियम काय रे?’ असं विचारतो, तेव्हा खरं कळतं. तुमच्या मुलीला ते तोंडपाठ होते, म्हणजे जुनी शाळा या परीक्षेत पास झाली असती.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर बैठकीत सगळे गप्प होतात. एकूण रेफरल कमी झाले तरी काळ्या मुलांचे इतरांपेक्षा जास्तच राहतात, असं अनेक शाळांत दिसतं. आकडे वंशानुसार वेगळे काढून पाहिले नाहीत तर हे दिसतच नाही. ‘उद्धटपणा’ यासारखं नाव देऊन कुणाला ऑफिसला पाठवायचं, हे बरंचसं पाठवणाऱ्याच्या नजरेवर असतं. ते आकडे मांडायची तयारी नसलेल्या शाळेचं काम मी तरी अर्धवट समजते.

आता तुम्ही काय करू शकता. बॅक टू स्कूल नाइटला (पालकांना शाळेत बोलावतात त्या संध्याकाळी) पोस्टरबद्दल तक्रार करू नका, शिक्षक बिचारे आधीच दमलेले असतात. पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) बैठकीत प्रिन्सिपलना तीन साधे प्रश्न विचारा: पीबीआयएस टीम शेवटची कधी बसली, कोच महिन्यातून किती वेळा येतो, आणि टीमवर पालकांसाठी जागा आहे का? जागा आहे म्हणाले तर तुम्हीच बसा. बहुतेक शाळांत ती खुर्ची रिकामीच असते. मुलीला स्वतःलाच काही त्रास होत असेल, तर काउन्सेलरला ‘चेक-इन चेक-आउट’ आहे का ते विचारा. त्यात सकाळी एक ठरलेली मोठी व्यक्ती मुलाला भेटते, दिवसभर प्रत्येक तासाला शिक्षक कार्डावर ०, १ किंवा २ गुण देतात, दुपारी तीच व्यक्ती कार्ड बघते आणि ते घरी सहीला येतं. याला कुठलंही निदान किंवा आयईपी (स्पेशल एज्युकेशनमधला मुलाचा स्वतंत्र आराखडा) लागत नाही, आणि टीम जागी असेल तर आठवड्याभरात सुरू होतं.