मीटिंग रूममध्ये माणसं बसलेली असताना सेन्सरचा लाइट आपोआप बंद का होतो?

कारण तो सेन्सर बहुतेक पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) आहे आणि त्याला माणूस नाही, हलणारी उष्णता दिसते. अंगातून निघणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे उष्णतेच्या अदृश्य किरणांमध्ये, बदल झाला तरच तो जागा होतो, लॅपटॉपसमोर गप्प बसलात की त्याच्या लेखी खोली रिकामी. चोर हलतोच, म्हणून बर्गलर अलार्मला हा सेन्सर चालतो. आधी सेन्सरचा लाइट बंद करण्याचा टाइमर १५-२० मिनिटांवर नेऊन बघा, फुकटात काम होतं. नाहीतर २४ किंवा ६० गिगाहर्ट्झचा रडार सेन्सर घ्या, त्याला श्वासाने हलणारी छातीसुद्धा कळते. फक्त तो काच-प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडचा माणूस आणि फिरता पंखाही पकडतो, त्यामुळे रेंज कमी करून लावा नाहीतर लाइट कधी बंदच होणार नाही.